मोराची मान

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, आईला नाही, देवापुढे डोळे मिटूनसुद्धा नाही. परवा गौरीच्या दिवशी पहिल्यांदा तोंडातून निघालं, आणि आता निघालंच आहे तर तुम्हालाही सांगते. मध्येच अडखळेन. अडखळू द्या. इतकी वर्षं गिळलेलं एका दमात बाहेर येत नाही.

मी मूळची पालीची. लग्न होऊन मांडवीला आले तेव्हा आमचे हे बोटीवर होते. म्हणजे वर्षातले बरेच महिने घरात मी, सासूबाई, धाकटी नणंद सुमन आणि सासरे. सासऱ्यांना सगळी आळी तात्या म्हणायची. तेही पूर्वी बोटीवरच, सुतार म्हणून. निवृत्त होऊन घरी बसले, पण हात बसेनात. मग त्यांनी शिवणाच्या मोडक्या मशीनचं लोखंडी स्टँड घेतलं, त्यावर लाकडी चौकट उभी केली आणि नक्षी कापायचं मशीन बनवलं. पायाने पट्टी दाबायची, चाक फिरायचं, आणि दोऱ्यासारखं बारीक पातं खालीवर नाचायचं. पडवीत दिवसभर त्याची खटखट. सासूबाई त्याला तिसरी सून म्हणायच्या. दुसरी कुठली, ते कधी कळलं नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. थर्माकोल आमच्या आळीत अजून शिरला नव्हता. गणपतीचं मखर आमच्याकडे फणसाच्या पातळ फळ्यांचं, आणि ते तात्यांच्या हातचं. पण त्यांची नजर अधू व्हायला लागली. म्हणाले, आता घरात कोणीतरी शिका. सुमन बसली. मग मीही बसले. का बसले? शिकायची हौस होती म्हणून? छे. ती बसली म्हणून.

काय सांगू तुम्हाला माझी फजिती! पहिल्या दिवशी पातं उलटं लावलं, दाते वरच्या बाजूला. पट्टी दाबली मात्र, फळी पात्याबरोबर उचलून नाचायला लागली आणि माझ्या हनुवटीवर आपटली. सासूबाई हसून हसून पडवीच्या पायरीवर बसल्या. मग मी फळी रेटायला लागले. पातं तुटलं. दुसरं लावलं, तेही तुटलं. तात्या कधी ओरडले नाहीत. एकच सांगायचे — पातं जागचं हलत नाही गो, लाकूड फिरव. आणि घाई करू नको, ते आपलं आपण कापतं. मला कळायचं. हाताला कळायचं नाही.

आणि सुमन? तिला सांगावंच लागलं नाही. फळीला भोक पाडायचं, पातं त्यातून ओवायचं, आवळायचं, बोटाने टिचकी मारून ताण ऐकायचा, आणि मग फळी अशी वळवायची की बघत राहावं. पिवळाधम्मक भुसा तिच्या परकरावर साचायचा आणि ती आपली गुणगुणत. शेजारपाजारच्या बायका यायच्या, तिची वेलबुट्टी हातात घेऊन वाहवा करायच्या. माझं कापलेलं पान बघून एकीने विचारलं, हा काय बेडूक? मी हसले. हसले खरी, पण ते काट्यासारखं आत राहिलं. माझ्याहून चार वर्षांनी लहान, बारीक आवाजाची पोर — आणि मी घरची मोठी सून! आज म्हणाल तर हसू येतं. तेव्हा नाही आलं.

त्या वर्षीचं मखर सुमनने एकटीने करायचं ठरलं. त्याला कारण होतं. मिरजोळ्याला औद्योगिक वसाहतीत तात्यांच्या ओळखीच्या एका गृहस्थांचा छोटा कारखाना होता. देव्हारे, घड्याळांच्या चौकटी, असलं लाकडी काम. त्यांना नक्षीला माणूस हवं होतं. तात्या त्यांना म्हणाले, दर्शनाला या, पोरीचं काम बघा आणि मग बोला. बाईमाणूस कारखान्यात म्हणून सासूबाई कुरकुरल्या, पण तात्या ठाम होते. आणि सुमनच्या पायाला तर जमीन लागत नव्हती. मिरजोळ्याच्या बसच्या वेळा तिने आधीच पाठ करून ठेवल्या होत्या.

मखराच्या कमानीवर बसवायला तिने दोन मोर केले, समोरासमोर. खरंच सांगते, तसे मोर पुन्हा मी पाहिले नाहीत. पिसारा म्हणजे नुसती जाळी. पण माना जाड. जरा जास्तच जाड. मला तेवढंच दिसलं — बघा माणसाचं मन! सगळा पिसारा सोडून मला दिसली ती मान.

आता इथे मी अडखळते. कारण इथे माझ्याजवळ एक तयार वाक्य आहे, इतकी वर्षं स्वतःला ऐकवलेलं. की मी ती मान सुधारायला गेले. खोटं आहे ते. मला तिच्या मोरात उणं काढायचं होतं आणि ते मी भरून काढलं असं लोकांनी म्हणायला हवं होतं. मान वहिनीने कोरली हो! एवढंच. एवढ्याशा वाक्यासाठी.

गणपतीच्या आदल्या दुपारी सगळी बाजारात गेली, फुलं-फळं आणायला. सुमनने मोर जुन्या धोतरात गुंडाळून पडवीत ठेवले होते. मी एक सोडवला, पातं लावलं — यावेळी नीट लावलं, दाते खाली — आणि मानेची कड बारीक करायला बसले. आणि काय नवल, जमलं! पहिल्यांदा फळी माझ्या हातात वळली. इतका आनंद झाला की मी थांबलेच नाही. अजून थोडी, अजून जराशी. मग कट्ट.

मोराचं डोकं माझ्या मांडीवर.

तेव्हा मला कळलं मान जाड का होती. लाकडाची रेषा तिथे आडवी जात होती. आडव्या रेषेत बारीक ठेवलं की फळी बिस्किटासारखी मोडते. तात्यांनी हे आम्हा दोघींना एकाच वेळी सांगितलं होतं. तिने ऐकलं. मी तेव्हा तिच्या परकरावरचा भुसा बघत होते. करायला गेले गणपती आणि झाला मारुती!

त्या क्षणी मी ओरडायला हवं होतं. सगळी परत आली की पायरीवरच सांगायला हवं होतं. फळ्या शिल्लक होत्या, सुमन रात्रीत दुसरा मोर कापू शकली असती. मी काय केलं? पांढरा सरस लावला, सांध्यात फणसाचा भुसा भरला, काचकागदाने घासलं, धोतरात गुंडाळलं आणि होतं तिथे ठेवून दिलं. मग आत जाऊन नारळ खवायला बसले. खोबरं अगदी बारीक पडलं, हे मला अजून आठवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गणपती पाटावर बसला. आळीतली माणसं ओटीवर जमलेली. सुमनने मोर सोडवला आणि कमानीवर बसवायला उचलला. डोकं निखळलं आणि बरोब्बर गणपतीच्या पुढ्यात पडलं. सासूबाईंनी “अगो बाई!” म्हणून छातीवर हात मारला. मुलगा समुद्रावर, आणि देवापुढे मान तुटून पडते — त्या माउलीच्या मनात काय आलं असेल, तुम्हीच बघा.

तात्यांनी डोकं उचललं. मोडलेली जागा डोळ्यांजवळ नेली. नजर अधू होती, पण बोट अधू नव्हतं. त्यांनी सांध्यावरून अंगठा फिरवला, आणि त्यांना सरस लागला.

“मोडलं तर चालतं गो,” ते सुमनला म्हणाले. “लपवलेलं चालत नाही.”

ती म्हणाली, मी नाही लपवलं. एवढी बारीक मान मी ठेवलीच नव्हती, तात्या. तात्या म्हणाले, मग मशीन आपलं आपण चाललं काय? आणि त्यांनी सहज — अगदी सहजच — माझ्याकडे पाहिलं.

मी आरतीचं तबक धरून उभी होते. तोंड उघडायला एवढी जागा होती. आणि माझ्या आधी कोण बोललं असेल? सुमनच. “वहिनीला कुठे येतं, तात्या. तिला पातं पण लावता येत नाही.”

तिने मला वाचवलं. बिचारीला खरंच तसं वाटत होतं. मी मूग गिळून उभी राहिले. तात्यांनी डोकं बंडीच्या खिशात टाकलं, कमानीवरच्या मोकळ्या जागी जास्वंदीचा गुच्छ बांधला आणि आरती सुरू झाली. मी पण म्हटली. मोठ्याने म्हटली.

मिरजोळ्याचे गृहस्थ संध्याकाळी आले. मोदक खाल्ले, मखराकडे बघत राहिले, विचारलं, हे त्या पोरीचं काम? तात्या म्हणाले, हात चांगला आहे, पण अजून तयारी नाही. लपवणाऱ्या माणसाची शिफारस तात्या करणार नव्हते, मग ती पोटची पोर का असेना. सुमन स्वयंपाकघराच्या दाराआड होती. तिने ऐकलं. मी तिच्या मागेच होते, मीही ऐकलं.

ती पुन्हा त्या मशीनवर बसली नाही. पुढच्या वर्षी लग्न झालं, पालीच्या पुढे एका खेड्यात. नवरा मुंबईला, ही भातशेतीत. वाईट झालं असं नाही म्हणत मी, मुलंबाळं झाली, सगळं झालं. पण तिच्या हातात जे होतं ते तिथेच राहिलं.

आणि मशीन? ते माझ्याकडे आलं. मी शिकले हो. तिच्या जागेवर बसून, तिच्या फळ्यांवर शिकले. हाताला हळूहळू कळायला लागलं. पुढे आळीतली निम्मी मखरं माझ्या हातची असायची. आणि त्या दिवसापासून मी एक करायला लागले — पातं तुटलं, कड गेली, काहीही झालं की लगेच तात्यांना जाऊन सांगायचं. तात्या चारचौघांत म्हणायचे, आमच्या सुनेचं एक बरं, मोडलं तर येऊन सांगते. कौतुकाने म्हणायचे. मी मान खाली घालायचे, आणि लोकांना तो विनय वाटायचा! तात्या गेले, मग सासूबाई गेल्या. दोघंही सुमन खोटं बोलली असं समजूनच गेले.

मग त्या मोराचा आमच्या घरात विनोद झाला. दर गणपतीत कोणी ना कोणी काढायचंच — सुमनने मोर मोडला आणि सरसाने चिकटवून देवालाच फसवायला निघाली! सगळे हसायचे. तीही हसायची. यंदा गौरीजेवणाला ती माहेरी आली आणि ह्यांनी आमच्या नवीन जावयाला तोच किस्सा सांगितला, अगदी रंगवून. सगळे हसले. सुमन नाही हसली. ताटं उचलली आणि मागच्या दारी गेली.

मी तिच्या मागे गेले. राख नाही, पावडर नाही, ती नुसत्याच पाण्याने ताट घासत होती. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. मान मी कापली. मोडली मी. चिकटवली मी. मला वाटलं होतं रडू फुटेल, शब्द सापडणार नाहीत. काही नाही. चार वाक्यं. एवढीच होती ती!

सुमनचा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली —

“मला काय सांगतेस, वहिनी? मी केलं नाही हे मला माहीतच होतं. त्यांना सांग.”

आणि पुन्हा ताट घासायला लागली.

खरंच की. इतकी वर्षं मी मनात तिच्यासमोर उभी राहून कबूल करत होते, आणि ज्यांना सांगायचं ते सगळे ओटीवर बसलेले.

आरतीच्या आधी, सगळे जमले तेव्हा, मी तबक खाली ठेवलं आणि सांगितलं. ह्यांच्या हातातले टाळ तसेच राहिले. आमचा मुलगा माझ्याकडे असा बघत होता जणू मी परकी बाई. नव्या जावयाने नजर वळवली. आणि खरं सांगू? मला इतकं मोकळं वाटलं की लाज वाटावी. ओल्या कपड्यांचं गाठोडं डोक्यावरून उतरल्यासारखी मान सरळ झाली. सुमन दारात हात पुसत उभी होती. तिने सगळं ऐकलं, शेवटपर्यंत. मग आत आली, मी ठेवलेलं तबक उचललं आणि आरती तिने केली.

दुसऱ्या दिवशी ती गेली. माझ्याशी बोलली नाही. अजून फोन नाही. तो तिचा प्रश्न, माझा नाही.

मी जेवते, झोपते, मशीनला तेल घालते. हलकं वाटतंय, आणि तेही लपवत नाही. पुढच्या गणपतीत तो किस्सा निघेलच, आमच्या घरात किस्से मरत नाहीत. फक्त आता त्यात नाव माझं असेल.