ताईंनी आज कावळे हाकले

बायांनो, आज सकाळी आरोग्य कार्यक्रमाच्या मोठ्या ताई नर्सला घेऊन गाडीतून आमच्या पाड्यावर आल्या. शेजारच्या काशीच्या छातीत गाठ हाय, तरी ती दवाखान्यात जाईना.

"बोंबील वाळत घातलेत, कावळे नेतील," म्हणाली.

ताईंनी पदर खोचून काठी घेतली. "तू नर्सबरोबर गाडीतून जा. मी राखते."

मी विचारलं, "ताई, पगार कावळे हाकायचा मिळतो का?"

त्या हसल्या. "माझी आई पण मासळी सुकली की जाते म्हणायची, आजी. गेलीच न्हाय, आणि दुखणं वाढून मेली."

"मग तुम्ही इकडून हाका, तिकडं मी बघते," म्हटलं.

काशी दुपारी तपासून आली. निकाल यायचाय.

सल्ला द्यायला सगळा गाव हाय. शेजारणीचं काम अर्धा दिवस कोण राखेल, ते सांगा.