मामांची मोठी चाकं

निजामाच्या राज्यात मोटारीला घाबरणारी माणसं गावोगाव होती; पण ज्याला खुद्द मोटारच घाबरावी असा माणूस एकच, बीडजवळच्या पालीचे आमचे थोरले मामा. त्यांना सगळं मोठं लागे. पटका मोठा, पलंग एवढा मोठा की तो आत घेण्यासाठी दाराची चौकट काढावी लागली, आणि हसू असं की गोठ्यातल्या म्हशी उठून उभ्या राहत. हैदराबादेहून त्यांनी जुनी मोटार आणली आणि तिची चाकं पाहून हळहळले, "लई बारकी हायेत बे! धोंड्यावरून कशी जातील?" लगेच नगरहून लॉरीची चाकं आली. ती आत मावेनात, म्हणून लोहाराकडून मडगार्ड कापून घेतले.

मोटार धोंड्यांवरून खरंच हत्तीसारखी जाऊ लागली. मात्र वळेना! स्टेअरिंग इतकं जड झालं की मामा पाय रोवून, दात-ओठ खात ते ओढत. चाक जरासं वळलं की कापलेल्या पत्र्याला घासून किंचाळे आणि तिथंच अडे. उंची वाढल्यामुळे वळणावर मोटार अशी कलायची, की आतले सगळे मामांच्या मांडीवर. बैलगाडी वळते त्या जागी मामा थेट ज्वारीत शिरत आणि पुढच्या बांधावरून बाहेर येत. कुणी हसलं तर म्हणत, "रस्ताच वाकडा हाय, मी काय करू?"

माझ्या दादाचं लग्न बीडला होतं. नवरदेव मामांच्याच मोटारीतून जाणार, हा मामांचा हट्ट. बिंदुसरा नदीच्या काठाला वळण आलं. मामा ओरडले, "वळ बे, वळ!" मोटार काही वळली नाही. ती सरळ काठाकडे निघाली, एका बाजूला कलली आणि बाभळीला टेकून थांबली. मुंडावळ्या सावरत दादा म्हणाला, "मामा, मी पायी जातो."

मामांचा चेहरा पडला. मुहूर्त जवळ आलेला. तेवढ्यात मागून वऱ्हाडाच्या बैलगाड्या आल्या, पुढे बायकांची. मामी उतरल्या आणि त्यांनी गाडीतल्या गवताखालून मोटारीची जुनी चाकं काढली.

"ही कशापायी आणली?" मामा गुरगुरले.

"तुमी वळनार न्हाई, ठाऊक हाय मला. म्हनलं, मोटार तरी वळू द्या."

मामांनी दादाकडे पाहिलं, पटका काढून मामींच्या हाती दिला आणि पाना उचलला. गाडीवाल्यांनी मोटार उचलून धरली, मी चाकं सरकवली. मामींनाही बसवून मोटार निघाली आणि पुढचं वळण मामांनी नुसत्या मनगटावर घेतलं. "अगं, ही तर फुलासारखी वळती!" म्हणत त्यांनी माळावर मोटार गोल फिरवली, मग उलटी फिरवली, आणि दादा "मुहूर्त, मामा, मुहूर्त!" म्हणून ओरडत राहिला. मांडवात सगळे उतरलो, तरी मामांचं मन भरेना. भटजी अक्षता थांबवून विचारतात, "मुलाचे मामा कुठं आहेत?" तर मुलाचे मामा मोटारीतून मांडवाला प्रदक्षिणा घालत होते. शेवटी मामींनीच पुढे होऊन त्यांना थांबवलं आणि दादामागे आणून उभं केलं.

पुढे मामा थकले, दिसेनासं झालं, तेव्हा त्यांची मोटार मी चालवायचो. ते शेजारी बसत. वळण आलं की मी काही बोलायच्या आत मांडीवरचे त्यांचे हात आपोआप वळत, अगदी अलगद, आणि रस्ता सरळ झाला की पुन्हा निवांत पडत.