सासूबाईंची कानटोपी आणि कोंडलेला महादेव

हसायचं नाही हं! आधीच बजावून ठेवतो. निदान कपातला चहा संपेपर्यंत तरी हसायचं नाही, नाहीतर मी असाच उठून घरी जाईन. अवकाळी पावसाचा विषय तुम्हीच काढलात, मी नाही. माघात पाऊस आला की लोक आभाळाकडे बघतात, आणि मी आपली मान खाली घालतो. का विचारा! कारण एकदा माघातला पाऊस मी पाडला होता.

बघा, हसलातच ना?

हे घडलं एकोणीसशे तीस-एकतीसच्या सुमारास. मी महाडच्या बाजारपेठेत वाढलेला, फायनल पास झालेला, कोट घालणारा तरणाबांड मास्तर. आणि नेमणूक कुठे? तर पोलादपूरच्या पुढे, कापडे गाव मागे टाकून उमरठच्या अंगाला, डोंगराच्या पोटातल्या एका वीस-पंचवीस घरांच्या गावात! गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून महाडच्या बाजाराला येतात आणि मी दिसलो की आधी मला रामराम करतात, मग वर आभाळाकडे बघून घेतात.

शाळा भरायची महादेवाच्या देवळात. मीही राहायचो तिथंच. पुढे पोरं, मागे महादेव, मध्ये माझी वळकटी. नोकरी हंगामी. लग्न नुकतंच झालेलं, पण बायको महाडात, माहेरी. सासूबाईंनी सरळ सांगितलं होतं, "जावईबापू, आधी कायम व्हा, मग मुलगी न्या. देवळात संसार मांडायला माझी मुलगी काय जोगीण आहे?"

काय बोलणार? सासूबाईंपुढे आमचे सासरेसुद्धा बोलत नसत, तिथं माझी काय कथा!

वर निघताना त्यांनी माझ्या हातात एक कानटोपी ठेवली. स्वतः विणलेली. रंग पिवळा म्हणावा तर हिरवा, हिरवा म्हणावा तर पिवळा. लोकर इतकी खरखरीत की घातली की डोक्याला मुंग्या लागल्यासारखं व्हायचं. शिवाय दोन्ही बाजूंना दोन गोंडे! मी ती एकदाच घालून गावभर मिरवली, "आमच्या सासूबाईंनी विणली" म्हणून सगळ्यांना सांगितलं, आणि जी खुंटीला टांगली ती टांगलीच.

आता कायम व्हायचं तर दिपोटींचा शेरा चांगला पडायला हवा. दिपोटी म्हणजे शाळा तपासायला येणारे साहेब. त्यांचं पत्र आलं होतं की महाशिवरात्र झाली की तिसऱ्या दिवशी शाळा बघायला येतो. मी पोरांकडून पाढे घोटून घेतले, कविता घोटून घेतल्या, 'पाऊस कसा पडतो' हा धडा तर इतका घोटला की झोपेत विचारलं तरी पोरं वाफेपासून सुरुवात करायची.

शिवरात्रीला थंडी शिव शिव करत जाते म्हणतात ना? त्या वर्षी ती निम्म्या वाटेवरून परत आली. शिवरात्रीच्या आदल्या दिवशी महाबळेश्वराकडून असा वारा सुटला की दात वाजायला लागले. त्यात मी पडलो थंडी बाधणारा माणूस! एक शिंक आली की मी काढा उकळायला ठेवतो.

आणि वारा यायचा कुठून? सांगतो. गाभाऱ्यात महादेवाची पिंडी जमिनीतल्या खोलगट खळग्यात. तिच्यावर घातलेलं पाणी मागच्या भिंतीतल्या भोकातून बाहेर दगडी गोमुखातून पडायचं. त्या गोमुखातून वारा आत शिरायचा, गाभारा ओलांडायचा आणि नेमका माझ्या तळपायांना येऊन भिडायचा.

गाभाऱ्यात जायचा मान गुरवाचा. म्हणून मी काय केलं, दिवस मावळायच्या आत देवळामागे गेलो, करवंदीच्या जाळीत शिरलो, सासूबाईंच्या टोपीचा बोळा केला, गोमुखात कोंबला आणि छत्रीच्या टोकानं हातभर आत ढकलला. वारा बंद! टोपी एकदाची कामाला आली म्हणून मी खूश. काय झोप लागली म्हणता!

दुसऱ्या दिवशी शिवरात्र. आजूबाजूच्या वाड्यांवरची माणसं सकाळपासून तांबे घेऊन रांगेत. जो येतो तो गुरवाच्या हातून महादेवावर पाणी घालतो. माझ्या डोक्यात टोपीचा विचारसुद्धा नाही. दुपारी धोंडू गुरव गाभाऱ्यातून बाहेर आला तो पांढराफटक पडलेला.

"मास्तर! पाटील! द्येव बुडाला वो!"

"बुडाला म्हणजे?"

"पानी जात नाय. पार डोक्यावरनं पानी हाय द्येवाच्या. कुनीतरी द्येव कोंडला!"

आणि त्याच घटकेला, तुमच्या गळ्याची शपथ, कडाडकन वीज झाली आणि पाऊस कोसळला. माघात! सगळीकडे एकच पळापळ. खळ्यावर वाल वाळत पडलेला, पेंढा उघडा, आंबा मोहरलेला.

मला शहरी माणसाला काही कळेना. तेव्हा पाटलांनी सांगितलं. मृग कोरडा गेला की गाव गोमुख बंद करतं आणि देवाला पाण्यात कोंडतं. देव गुदमरला की पाऊस पाठवतो. पोटापुरता पाऊस झाला की देव सोडायचा.

"पर ह्ये माघात कुनी केलं? कोनाच्या पोटात दुखत व्हतं?" पाटील कडाडले.

आता इथं मी गप्प बसावं की नाही? पण मास्तर गप्प बसला तर तो मास्तर कसला! मी उभा राहिलो आणि सभामंडपात व्याख्यान सुरू केलं. समुद्राच्या पाण्याची वाफ होते, वाफेचे ढग होतात, ढगांना थंड हवा लागते. देव कोंडण्याचा आणि पावसाचा काडीचाही संबंध नाही!

भागीकाकी म्हणून एक म्हातारी होती. एकटीच राहायची. तिनं शांतपणे विचारलं, "मंग ती वाफ आजच कशी वो आली, मास्तर?"

सगळे हसले. मला राग आला. आणि रागाच्या भरात मी जे बोललो ना, ते आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

"पाऊस कशानं का येईना," मी ओरडलो, "पण ज्यानं ही खोडी केली त्याला शिक्षा झालीच पाहिजे! घरोघरचा भिजलेला वाल त्यानं आपल्या हातानं वाळवून, झोडपून, पाखडून द्यावा!"

"बेस बोललात!" पाटील म्हणाले. "मास्तरांचा शब्द त्यो गावाचा शब्द."

तोवर धोंडूनं आतून भोकात हात घातला होता. तो किंचाळत मागे आला. "आयव! जनावर हाय आत! केसाळ लागतंय. आनि दोन गोल गोल कान हायत!"

गोल कान. दोन.

त्या गावात एकट्या मलाच ठाऊक होतं की ते कान नव्हते, गोंडे होते.

"मग... मग ओढ की बाहेर!" मी म्हटलं.

"नाय नाय!" पाटलांनी धोंडूला अडवलं. "ज्यानं कोंडला त्यानंच सोडायचा. दुसऱ्यानं हात लावला तर त्येचं पाप त्येच्या माथी."

झालं! आता कबूल करावं, तर देवाला कोंडणारा मास्तर म्हणून गाव दिपोटींच्या कानावर घालणार. मग कसला शेरा, कसली कायम नोकरी आणि कसली बायको! न करावं, तर हे लोक त्या बोळ्याला हात लावणार नाहीत. मी ठरवलं, गुपचूप टोपी काढायची आणि तोंडातून ब्र काढायचा नाही.

पण काढणार कशी? दुसऱ्या दिवशीही पाऊस धो धो. मी तांब्या हातात घेऊन देवळामागे निघालो की भागीकाकी इरलं घेऊन माझ्यामागे!

"मास्तर, भिजाल! तुमाला थंडी बाधते. चला, मी येतो सोबत."

"काकी, अहो मी परसाकडे चाललोय!"

"जावा की. मी पाठ फिरवून हुबी ऱ्हातो."

चार वेळा गेलो आणि चार वेळा तसाच परत आलो. संध्याकाळी पाटील म्हणाले, "मास्तरांचं पोट बिघडलंय, ह्येंस्नी आज पेज द्या." म्हणजे जेवणही गेलं!

त्यात गावानं आपापला भिजका वाल आणून शाळेतच पसरला. जिथं पाढे म्हणायचे तिथं वाल. फळ्याखाली वाल. माझ्या वळकटीवर वाल. भागीकाकी आपल्या ढिगाशी बसून एकेक शेंग फडक्यानं पुसत होती.

"वर्साचं कालवन हाय ह्ये, मास्तर. कोंब फुटलं तर मी काय खाऊ?"

मी धीर द्यायला म्हटलं, "काकी, मोड आलेल्या वालाचं बिरडं फार छान होतं."

तिनं हातातली शेंग खाली ठेवली. "सबंद वर्साचं बिरडं येका दिवसात खाऊ व्हय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगतो, रडू आलं मला. पाऊस टोपीमुळे पडत नाही, हे मला माहीत होतं. धडा तोंडपाठ होता माझा! पण त्या बाईच्या शेंगा पुसणाऱ्या हातांपुढे तो धडा काही आठवेना. म्हटलं, गेली तर जाऊ दे नोकरी.

तिसऱ्या दिवशी सकाळी भागीकाकी चुलीशी अडकलेली पाहिली आणि छत्री घेऊन मी करवंदीत घुसलो. कोट फाटला, धोतर फाटलं. गोमुखात छत्रीची वाकडी मूठ घातली, टोपीत अडकवली आणि ओढली. छे! भिजून टोपी फुगलेली. पुन्हा ओढली. आता मूठही अडकली. मी भिंतीला दोन्ही पाय लावले आणि छत्रीला लोंबकळलो.

"हीच का ती शाळा?" मागून आवाज आला.

वळून बघतो तर दिपोटी! ओलेचिंब, कुडकुडत, फेट्यातून पाणी निथळतंय. त्यांच्यामागे पाटील. पाटलांच्या मागे सगळं गाव, आणि सगळ्यांच्या पुढे इरलं घेतलेली भागीकाकी.

"मास्तर," दिपोटी म्हणाले, "हे काय चाललंय?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि भस्सकन बूच निघालं! शिवरात्रीचं सगळं पाणी, बेलपानं, फुलं, झालंच तर दूध, दही सगळं माझ्या उघड्या तोंडावर. मी उताणा पडलो. छातीवर छत्री. छत्रीला टोपी.

"अरं," धोंडू पुढे वाकला, "ही तर मास्तरांच्या सासूची टोपी!"

सगळ्यांनी आधी टोपीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग वर आभाळाकडे. आणि आणखी एक गोष्ट सगळ्यांच्या एकदमच ध्यानात आली. पाऊस थांबला होता.

आता तो थांबणारच होता! आजही मी तुम्हाला शास्त्र समजावून सांगेन. दोन दिवस कोसळल्यावर ढगात राहणार काय? पण मेल्याला थांबायला तीच घटका सापडावी? अर्ध्या तासात लख्ख ऊन पडलं.

मी हात जोडून सगळं कबूल केलं. वारा, तळपाय, बोळा, सगळं. वाटलं, आता जोडे पडणार. तर पाटलांनी वाकून मला नमस्कार केला!

"रावसायेब," ते दिपोटींना म्हणाले, "आमी गावच्या गाव मिळून द्येव कोंडतो तवा कुठं चार थेंब पडतात. ह्या मानसानं येका टोपीत माघ भिजवला. ह्यो मास्तर आमाला कायम पायजेल. मृगाला कामाला येल."

"पाटील," मी ओरडलो, "अहो, वाफ..."

"आता वाफ दवडू नका," दिपोटी म्हणाले. ते कोट पिळत होते. त्यांनी ना पाढे ऐकले ना कविता. शेकोटीशी बसून वालाची उसळ आणि भाकरी खाल्ली आणि शेरा लिहिला: 'मास्तरांचे ज्ञान बेताचे आहे, परंतु गावकरी त्यांना सोडण्यास तयार नाहीत. कायम करावे.'

शिक्षा मात्र चुकली नाही. मास्तरांचा शब्द त्यो गावाचा शब्द! आठ दिवस मी घरोघरचा वाल वाळवला, झोडपला, पाखडला. पहिला भागीकाकीचा. त्यातले थोडे किडके निघाले, ते तिनं मलाच बांधून दिले.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण संपते कशी!

जूनमध्ये मी कायम झाल्याचं पत्र आणि धुऊन वाळवलेली टोपी घेऊन ऐटीत महाडला गेलो, बायकोला न्यायला. सासूबाईंनी पुरणपोळ्या केल्या. पहिला घास तोंडाशी नेतो तोच दारात पाटील आणि धोंडू उभे.

"मास्तर, मृग कोरडा चाललाय वो. टोपी द्या. द्येव कोंडायचाय."

"कसली टोपी?" सासूबाईंनी विचारलं.

मी डोळ्यांनी खुणा केल्या, खोकलो, ठसका लागल्याचं सोंग केलं. काही उपयोग झाला नाही. धोंडूनं गोमुखापासून गोंड्यांपर्यंत सगळं सांगितलं, हातवारे करून. आमची ही आतल्या खोलीत तोंडात पदर कोंबून हसत होती, ते मला स्पष्ट ऐकू येत होतं.

सासूबाई उठल्या. आत गेल्या. मला वाटलं, आता लाटणं घेऊन येतात. त्या आल्या त्या लोकरीचा गुंडा घेऊन.

"ती टोपी देवाचीच झाली, तुम्ही घेऊन जा," त्या पाटलांना म्हणाल्या. "आणि जुनी झाली की सांगा, मी दुसरी विणून देईन."

मी आपला हळूच म्हटलं, "आणि मला हो? तिथं थंडी फार असते. वारा शिरतो डोक्यात."

सासूबाईंनी माझ्या पानात आणखी एक पोळी वाढली.

"शिरू दे की जावईबापू," त्या म्हणाल्या, "काहीतरी शिरू दे एकदाचं!"