एकात एक पाच टोपल्या

आमच्या शाळेमागच्या गल्लीत पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली आहे. पूर्वी तिथे सायकली दुरुस्त होत. आता दाराशी गेले की ओल्या वेताचा वास येतो आणि आतून बायकांचे हसणे ऐकू येते. या खोलीचा सगळा कारभार जी पाहते, ती पस्तिशीची, काटक आणि तोंडाची फटकळ. तिला सगळे मुकादम म्हणतात. हे नाव सासूने ठेवले ते चिडवायला. पण हिने ते पदवी मिळाल्यासारखे मिरवले.

मुकादमचे लोक या मुलखातले सगळ्यांत जुने. इथे रस्तेही नव्हते तेव्हापासून ते रानातला वेत आणून टोपल्या विणत आले आहेत. विणत आपापल्या घरी आणि देत एका व्यापाऱ्याला. तो ढिगाने उचलायचा. भाव त्याचा आणि तोराही त्याचाच. अखेर मुकादमने त्याला तोंडावर सांगितले, "यापुढे आमचा माल आम्हीच विकू."

व्यापारी हसला. "विका की. दमलात की या परत, मी कुठे जातोय?"

ते हसू तिच्या मनात रुतून बसले. तिने खोली भाड्याने घेतली, उजेडासाठी खिडकी मोठी करून घेतली, घरोघरच्या बायका एका छपराखाली आणल्या. मग बाजारातल्या एका मोठ्या दुकानाच्या मालकीणबाईंना गाठून सासूबाईंच्या हातचा नमुना दाखवला: एकात एक बसणाऱ्या पाच टोपल्या. प्रत्येक टोपली मोठीच्या पोटात अलगद उतरायची, जरा म्हणून हलायची नाही. बाई खूश झाल्या. "असे संच करून द्या. ही पहिली खेप नीट आली, तर काम कायमचं तुमचंच."

मुकादमला जोर चढला. तिने कामाची वाटणी केली. एकीने फक्त मोठ्या टोपल्या विणायच्या, दुसरीने त्याहून लहान, अशी उतरंड. एकाच मापावर हात बसला की काम झपाट्याने होईल, हा तिचा हिशेब. काम झालेही झपाट्याने. मालकीणबाई यायच्या आदल्या दुपारी संच लावायला घेतले, तेव्हा मात्र सगळ्यांची तोंडे पाहण्यासारखी झाली. दुसरी टोपली पहिलीत शिरेना. तिसरी चौथीपेक्षा लहान. सगळ्यांत धाकटी तर चांगली गरगरीत, कुणाच्याच पोटात मावेना.

झाले होते असे, की या घरांतून टोपलीचे माप वितीने आणि बोटांनी घेतात. आईने लेकीला शिकवायचे ते तसेच: इतक्या विती, वर इतकी बोटे. एकाच बाईने पाचही विणल्या तर त्या एकमेकींत बसणारच, कारण वीत तीच. इथे सगळ्यांत मोठी टोपली विणली होती एका घरच्या नव्या सुनेने, जिचा हात पोरीएवढा. आणि सगळ्यांत लहान विणली थोरल्या काकूंनी, ज्यांच्या पंजात कलिंगड मावेल.

"मापं बरोबरच आहेत," सासूबाई म्हणाल्या. "ज्याची त्याला."

"मी टेप आणू का?" दारातून मुकादमच्या नवऱ्याने विचारले.

"आता टेप आणून काय करता, टोपल्या ताणायच्यात?"

मुकादमला व्यापाऱ्याचे ते हसू आठवले. व्यापाऱ्याच्या दारात माल घेऊन पुन्हा उभे राहायचे? तिने पदर खोचला. "सगळा माल अंगणात काढा. आता जोड्या जुळवायच्या."

मग अंगणात जी धमाल उडाली ती काय सांगू! प्रत्येक टोपली उचलायची आणि तिला बसेल असे घर शोधायचे.

"ही बघ गं, नांदेल का इथं?"

"मुलगी जरा रुंद आहे."

"मग दाबून बसव की."

"दाबू नको, सासरी जायच्या आधीच काठ मोडेल!"

थोरल्या काकू आपली गरगरीत टोपली घेऊन अंगणभर फिरल्या. "माझ्या लेकीला कुणीच पत्करेना."

"तुमच्यावर गेलीये ना, काकू!" नवी सून म्हणाली आणि जीभ चावली. सगळ्यांत आधी काकूच हसल्या.

ऊन उतरेपर्यंत बरेच संच जुळले. काही टोपल्या एकट्याच उरल्या. ठरल्यापेक्षा संच कमी भरले. एकीने सुचवले, "एवढेच देऊ. वेत कमी मिळाला म्हणून सांगू."

"नाही," मुकादम म्हणाली. "दुकानात कुणी दोन संच सोडून टोपल्या बदलल्या की आपलं बिंग फुटेल. त्यापेक्षा मीच सांगते."

सकाळी मालकीणबाई आल्या. मुकादमने त्यांना बसायला स्टूल दिले आणि झाले तसे सांगितले, आडपडदा न ठेवता. बाईंनी एक संच उघडला, मिटला. दुसरा उघडला. मग दोन्हींतल्या टोपल्या बदलून पाहिल्या. मधली अडकली ती निघेना. सासूबाईंनी ती हलकेच फिरवून सोडवली.

"अशी चूक पुन्हा झाली तर?" बाईंनी विचारले.

"होणार नाही. यापुढे एक संच एकाच हातचा. प्रत्येक संच थोडा लहानमोठा असेल, ते गिऱ्हाइकाला आधीच सांगा. आणि वेळ जास्त लागेल. चालणार नसेल तर आत्ताच बोला, बाई, मी दुसरं दुकान बघते."

माझ्या अनुभवात अडचणीत सापडलेला माणूस असे बोलत नाही. ही बोलली. बाई उघडलेला संच मिटत म्हणाल्या, "दुसरं दुकान कशाला? हे संच आज नेते. बाकीचे सवडीनं येऊ द्या. पुढचं कामही तुमच्याकडेच. पण मला नक्की सांगा, विणणाऱ्या किती जणी?"

मुकादमने बोटावर एकेकीला मोजले.

"एक राहिली," सासूबाई म्हणाल्या. "हिला काय हात नाहीत? बरेच दिवस नुसता फोन धरलाय त्यांत."

सगळ्या खदखदून हसल्या. बाईही हसल्या. मुकादमने फोन नवऱ्याच्या हातात दिला, वेताची जुडी ओढली आणि आपली वीत लावून पहिल्या टोपलीचा तळ मांडायला बसली.

"सैल पडतंय," सासूबाई म्हणाल्या आणि तिच्या शेजारी सरकल्या.