दौंडचे डीकन, शिरूरचा ओटा

फोन आला तेव्हा मी दुकानात कुणाच्या तरी दाखल्याच्या प्रती काढत होते. शिरूरला तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं आणि फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. सकाळचे अकरा म्हणजे ऐन गर्दीची वेळ. पलीकडून दौंडच्या काकू बोलत होत्या. "नाना गेले गं. बूट घालायला म्हणून खुर्चीत बसले, ते तसेच..." काकू निवृत्त नर्स. त्या रडत नव्हत्या, मग मीही रडले नाही. दफन किती वाजता, डॉक्टरचा दाखला मिळाला का, एवढं विचारलं, हातातलं काम संपवलं आणि शटर ओढून आधी वडिलांकडे गेले. आबा पलंगावर बसून होते. सांगितलं. "बरं," म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "मला धुळीत जाता यायचं न्हाई. डोळ्यात औषध चालू हाय." पाठच्या भावाच्या मरणावर एवढंच. मी दौंडची एसटी धरली.

या दोघांचं बोलणं बंद होऊन तीसेक वर्षं झाली होती. नाना ख्रिस्ती झाले म्हणून हे झालं, असं गावात सगळे धरून चालायचे. तसं नव्हतं. आमचं घर धनगराचं. आजोबांपर्यंत मेंढरं होती, आबांनी शेती धरली आणि नाना मिलिटरीत ड्रायव्हर झाले. ते तिकडं डोंगरात असताना आजी आजारी पडली. आबांनी पत्र टाकलं, ये. नानांची रजा मंजूर होती. पण त्यांच्याच बराकीतल्या एकाच्या बहिणीचं लग्न ठरलं होतं आणि एका वेळी एकालाच सोडणार होते. नानांनी आपली पाळी त्याला दिली. आई महिनाभर काढेल, असा त्यांचा हिशेब. आजी आठ दिवसांत गेली. त्या आठ दिवसांत रस्त्यावर गाडी वाजली की ती दाराकडे मान वळवायची, हे आबांनी उशाशी बसून पाहिलं होतं. नाना पोचले तेव्हा तेरावाही उरकला होता. पुढं कधी कुणी धर्माचा विषय काढला की आबा फटकन म्हणायचे, "देव त्यानं कुठलाबी धरावा. आई एकच हुती."

मिलिटरीतून सुटल्यावर नानांनी काकूंशी लग्न केलं आणि दौंडला त्यांच्याच घरी राहिले. काकू मूळच्या ख्रिस्ती. काकूंबरोबर चर्चला जाता जाता स्वतःहून ख्रिस्ती झाले. नाव बदललं नाही. "पलटणीत मारुती हुतो, हितंबी मारुतीच," म्हणाले. बारा-तेरा वर्षांपूर्वी चर्चच्या मंडळीनं त्यांना डीकन केलं. डीकन म्हणजे पाळकसाहेबांच्या, चर्चच्या धर्मगुरूंच्या, हाताखालचा सेवक, आजाऱ्यांना भेटणारा, पंगतीत वाढणारा, पडेल ते काम करणारा. नानांनी ते काम ड्यूटीसारखं घेतलं. खिशात वही, वहीत आजाऱ्यांची यादी. कुणाकडं कोणत्या वारी जायचं ते ठरलेलं. पाटसला, यवतला, थेट राहूपर्यंत स्कूटरवर जायचे. रविवारी चर्चच्या खुर्च्या दोरी धरून लावायचे. उशिरा येणाऱ्यांना दारातच अडवायचे. एकदा एक मावशी माझ्यादेखत त्यांच्यावर उखडल्या, "डीकनसाहेब, आम्ही प्रार्थनेला आलोय, परेडला न्हाई!" नाना शांतपणे म्हणाले, "परेडला आला असता तर मैदानाला दहा फेऱ्या घातल्या असत्या, मावशी. हितं नुस्तं बसायचंय. तेवढं तरी येळंवर बसा." मावशी हसत आत गेल्या. पुढच्या रविवारीही उशिराच आल्या, हे काकूंनी मला नंतर सांगितलं.

महिन्यातून एकदा, शनिवारी, नाना चौफुला-न्हावरा मार्गे एसटीनं शिरूरला यायचे. घरात पाऊल ठेवायचे नाहीत. 'आत ये' असं दादानं, म्हणजे आबांनी, म्हटल्याशिवाय आत यायचं नाही, हा त्यांचा स्वतःचा नियम होता. ओट्यावर बसून काकूंनी दिलेला डबा खायचे. मी लग्नानंतर दोन गल्ल्या सोडून राहते. आई गेल्यापासून दुपारचं जेवण आबांना मीच नेते, त्यामुळं दर वेळी मी दोघांच्या मध्ये सापडायची. आबा आतून सांगायचे, "त्याला सांग, न्हावऱ्याची गाडी साडेचारला हाय." चार हातांवरून नाना म्हणायचे, "दादाला सांग, मला ठावं हाय." "मी काय पोस्टमन आहे का?" असं मी ओरडले की दोघंही गप्प. साडेचारला नाना उठायचे, उंबऱ्याला हात लावायचे आणि जायचे.

शनिवारच का, हे मला एका नाताळात कळलं. काकूंनी बोलावलं म्हणून मी दौंडला गेले होते. उपासनेत प्रभुभोजन होतं, म्हणजे पाळकसाहेब प्रार्थना करतात आणि भाकरीचा तुकडा न् द्राक्षरस सगळ्यांना देतात. तबक घेऊन नाना रांगेरांगेतून फिरले, सगळ्यांना दिलं आणि स्वतः न घेता तबक जागेवर ठेवलं. बाहेर आल्यावर मी विचारलं, "तुम्ही नाही घेतलं?"

"माझी पाळी यायचीय."

"कधी?"

मग त्यांनी सांगितलं. भावाशी वाकडं असेल तर आधी त्याच्याकडे जा आणि मग वेदीपाशी ये, अशी त्यांच्यात शिकवण आहे. प्रभुभोजन एरवी महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं. म्हणून आदल्या शनिवारी ते शिरूरला येऊन बघायचे. जमलं नाही की दुसऱ्या दिवशी वाढायचं, घ्यायचं नाही. चर्चच्या कमिटीत यावर कुरकुर झाली होती, पण पाळकसाहेबांनी ते चालवून घेतलं. "अहो, देव काय एवढं बघतो का?" मी म्हटलं. "देवाचं म्हाईत न्हाई," नाना म्हणाले, "मी बघतो ना." मी आबांना हे सांगून पाहिलं. आबांनी रेडिओचा आवाज मोठा केला. मग मी नाद सोडला.

आता या वर्षीची गोष्ट. आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर पट्टी आणि दुसऱ्यात पडदा, म्हणजे दिसत काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. दुपारी आबांचे दोस्त शंकरमामा रोज गप्पा मारायला येतात, तीच वेळ. त्या दिवशी स्वयंपाक मी तिथंच करत होते, चुलीपाशी होते. ओट्यावर पावलं वाजली आणि आबांनी पलंगावरून हाक दिली, "आलास व्हय? आत ये की. बस. दोन घास खाऊन जा."

ओट्यावर नाना उभे होते.

मी दारात आले. नानांनी माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी मला बोलता आलं असतं. मी माणसाला चुकीचा फॉर्म हातोहात परत करणारी बाई आहे, तोंडावर खरं सांगायला मला कधी जड जात नाही... त्या दिवशी मी पाट मांडला. नाना बूट काढून आत आले आणि आबांसमोर बसले. आबा डॉक्टरच्या नावानं, थेंबांच्या नावानं बोलत होते. नाना नुसते हुंकार देत होते. जेवण झालं, स्वतःचं ताट स्वतः घासलं आणि निघाले. दारात माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "दादानं बोलावलं गं मला आत." मी म्हटलं, "हो." शंकरमामा त्या दिवशी आलेच नाहीत; आबांना मात्र शेवटपर्यंत तेच वाटले. त्यानंतर नाना शिरूरला आले नाहीत. वीस दिवसांनी काकूंचा फोन आला.

दफन शिस्तीत झालं. नानांना आवडलं असतं. सगळे वेळेवर आले होते, त्या मावशीसुद्धा. माती देऊन झाल्यावर पाळकसाहेब माझ्याजवळ आले. "तुम्ही पुतणी ना? तुमच्या वडिलांना आमचा सलाम सांगा," ते म्हणाले. "या महिन्याच्या पहिल्या रविवारी डीकनसाहेबांनी प्रभुभोजन घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. सगळ्यांना वाढून झाल्यावर माझ्यापुढं येऊन हात पसरले. म्हणाले, साहेब, भावानं जेवायला बसवलं."

परतीच्या एसटीत मला फार बरं वाटत नव्हतं. माणूस समाधानानं गेला, पण ते समाधान मी गप्प राहिल्यामुळं मिळालेलं, त्याखाली आबांची सही नव्हती. काकूंना सांगण्यात अर्थ नव्हता. आबांना न सांगणं मला पटत नव्हतं. चार दिवस थांबले. मग दुपारी त्यांचं ताट वाढून समोर बसले आणि सगळं सांगितलं. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी जेवायला कोण बसलं होतं ते, आणि त्या रविवारी दौंडला काय झालं तेही.

आबांचा हात ताटावर थांबला. ते रागावतील, अशी माझी तयारी होती.

"मी शंकर समजून बोललो."

"माहीत आहे मला."

"आन् त्यानं खरं धरलं."

"हो."

ते नव्या डोळ्यानं दाराकडे बघत राहिले. मग विचारलं, "काय केलं हुतंस त्या दिवशी?"

"मेथी."

"मेथी?" आबा माझ्याकडे वळले. "मेथी खात न्हाई तो. ल्हानपणी ताटाखाली दडवायचा, आई ताट उचलायची आन् मार मलाच बसायचा. दडवली आसंल."

"नाही. सगळी खाल्ली. वर आणखी मागून घेतली."

आबांनी भाकरी मोडली, पण घास तोंडात घातला नाही.

"दौंडला फोन लाव," ते म्हणाले, "आन् त्या पाळकसाहेबाला सांग, मीच बोलावला हुता."