गव्हावरची बाजरी

बाजरीच्या गरम पिठाचा वास आला की मला आमच्या श्रीगोंद्याच्या गिरणीतला एक दिवस आठवतो. नगरच्या डॉक्टरांनी बायकोचा गहू बंद केला होता. त्यातलं ग्लुटेन तिच्या आतड्याला विषासारखं. पण महिनाभर बाजरीची भाकरी खाऊनही तिचं पोट दुखायचं थांबेना. गिरणीत मी हे बोललो, तशा रांगेतल्या शेजारच्या मावशी म्हणाल्या, “तुमची बाजरी कशावर दळत्यात, इचारलं का कधी? गव्हाचं पीठ दगडाला राहतंय की!” मी कपाळावर हात मारला. मावशींनी आपला डबा गिरणीवाल्यापुढं ढकलला. “आधी माझी बाजरी टाका. गहू येऊ द्या माझ्यात, मला काय हुतंय!” अजूनही मी गिरणीत पहिला पोचलो, की मावशी दटावून मला मागं उभं करतात.