जिजीचं पोतं

आमच्या मिरचीच्या पथारीवर जिजी कुणालाच रिकामं टोपलं देत नसे. सकाळी बाया देठ खुडायला बसायच्या आधी ती प्रत्येक टोपल्यात दोन-चार ओंजळी खुडलेली मिरची टाकून ठेवायची. मला आधी वाटलं, म्हातारी भोळी आहे, फुकटची मिरची वाटते. पण रिकामं टोपलं समोर आलं की बाई दुपारपर्यंत उसासे टाकते आणि थोडं भरलेलं दिसलं की मुकाट्यानं कामाला लागते, हे पुढं मी रोज पाहिलं. "अर्धं भरेल टोपलं देखीसन हात आपोआप चालतस," असं ती म्हणायची. भोळी कसली! आम्हा चाळीस बायांना बाजारात विकून आली असती, एवढी ती हुशार होती.

नंदुरबारच्या बाहेर मोकळ्या रानात ओली मिरची अंथरून वाळवतात, ती पथारी. दिवाळीपासून होळीच्या पुढंमागंपर्यंत लाल रंगाशिवाय दुसरं काही दिसत नाही, आणि नाकाला फडकं बांधल्याशिवाय उभं राहता येत नाही. जिजी तिथली मुकादम. आमच्याच गावची, घरी मुलगा आणि सून. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं बाईनं, पण माणूस असा वाचायची की भल्याभल्या शिकलेल्यांनी तिच्यापुढं पाटी घेऊन बसावं.

मी तिच्या हाताखाली आले ती नवरा गेल्यावर. कडेवर दोन वर्षांची सोनू, हातात कपड्यांची पिशवी आणि पिशवीच्या तळाशी बारावीची मार्कशीट, एवढ्यावर भावाच्या घरी परत आले होते. वहिनी वाईट नव्हती. पण दुसरी भाकरी वाढताना तिचा हात अडखळायचा, आणि तो मला दिसायचा. पथारीवरच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी माझ्या हातांची अशी आग झाली की मी रडत टाकीकडं धावले. जिजीनं मनगट धरून मागं ओढलं. पाण्यानं मिरचीची आग पसरते, तेलानं उतरते, असं म्हणत तिनं माझी बोटं एकेक करून तेलानं चोळली आणि फडक्यानं पुसली. नवरा गेल्यापासून माझ्या हाताला कुणी असा हात लावला नव्हता. मी त्या दिवशीच तिची झाले. हजेरी लिहायचं काम तिनं मला दिलं आणि 'मास्तरीण' हे नावही.

तिचे एकेक प्रकार सांगायला लागले तर दिवस पुरायचा नाही. शेजारी बसणाऱ्या दोन बायांचं भांडण झालं आणि बोलणं बंद पडलं. दुसऱ्या कुणी समजूत घातली असती. जिजीनं त्यातल्या एकीला सांगितलं, जा, तिच्याकडून तिची चाळणी मागून आण. मी म्हटलं, अगं जिजी, आता तर केस उपटतील एकमेकींचे. तशी ती हसली. आपण कुणाला काही दिलं की आपलंच मन त्या माणसाशी गोड होतं, घेणाऱ्यापेक्षा देणारा आधी विरघळतो, हे तिचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी दोघी एका फडक्यातली भाकरी खात होत्या.

ओटीतून मिरची नेणारी बाई सापडायची, तिथंही ती आवाज चढवत नसे. त्या बाईजवळ जाऊन बसायची आणि काहीच बोलायची नाही. थोड्या वेळानं ती बाई आपणहून रडत सगळं ओकायची. "गप बठाले जमनं पायजे," असं जिजी मला शिकवायची. "आधी जो बोलस तो हारस."

होळी आली की सातपुड्यातल्या बाया वर काठी गावच्या होळीला जायच्या. एकदा गेल्या की आठ-दहा दिवस गेले समजा, आणि बाकीच्या पथारींवर तर अर्ध्या परतायच्याच नाहीत. जिजी त्यांना थांबा म्हणायची नाही. फक्त प्रत्येकीचं बसायचं पोतं घडी घालून, चिंधी बांधून छपरात ठेवून घ्यायची. पोत्याला काय किंमत? पण आपली वस्तू जिथं असते तिथं माणसाचा पाय वळतो, असं ती सांगायची, आणि खरंच तिच्या बाया सगळ्यात आधी परत यायच्या.

आणि एक शेवटचा धडा होता. उद्या बाई यायला हवी असेल तर तिला ये म्हणून सांगायचं नाही. सगळ्यांच्या देखत विचारायचं, येशील ना? आणि तिच्याच तोंडून हो म्हणवून घ्यायचं. "चारजणीस्मा बोलेल सबद बाई कधी गिळत नही." हे तिनं मला एवढ्या मायेनं शिकवलं की ते माझ्यावरच चालेल, असं कधी मनातही आलं नाही.

तिसऱ्या हंगामात आमच्या गावात अंगणवाडी सेविकेची जागा निघाली. गावातलीच बाई हवी, बारावी झालेली, विधवेला वेगळे गुण. ग्रामपंचायतीच्या भिंतीवरचा कागद मी तीनदा वाचला. बाराही महिने काम, तेही गावात, सोनू डोळ्यांसमोर, आणि भावाच्या घरातून बाहेर पडून एखादी खोली घेता आली असती. अर्ज आणला, भरला, आणि अर्थातच सगळ्यात आधी जिजीला सांगितलं. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "चांगलं शे," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्या भाकरीची फडकी सोडून बसल्या होत्या. जिजीनं चाळीस जणींच्या देखत विचारलं, "काय वं मास्तरीण, तू चालनी का आम्हले सोडीसन?" आणि गप्प बसली. भाकरीचा तुकडाही मोडला नाही तिनं. सगळ्यांचे डोळे माझ्यावर. मला ती शांतता सोसेना. हिनं हाताला तेल लावलं, माझ्यानंतर ही पथारी तूच सांभाळ म्हणाली, आणि आपण हिला टाकून निघालो, असं वाटायला लागलं.

"मी कोठेच जात नही, जिजी," मी म्हणाले. "मन्हं सगळं अठेच शे."

बायांनी टाळ्या वाजवल्या. एकीनं तर माझी अलाबला घेतली. आणि माझा भरलेला अर्ज पेटीत साड्यांखाली गेला. रोज वाटायचं, उद्या गुपचूप देऊन येऊ. रोज त्या चाळीस जणींची तोंडं आठवायची. अशी मी मूर्ख!

शेवटच्या तारखेच्या सकाळी जिजीनं माझ्याकडं कागद ठेवायची फाईल मागितली. डोळे दाखवायला जायचंय, डॉक्टरची चिठ्ठी नीट राहील, म्हणाली. मी माझी मार्कशीट आणि नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला काढून घेतला आणि फाईल पुसून तिला दिली. जिजीनं माझ्याकडं काही मागितलं याचाच मला केवढा आनंद. देणारा आधी विरघळतो ना! संध्याकाळी फाईल परत आली. घरी कागद पुन्हा आत घालताना आतल्या कप्प्यात काहीतरी चिकटलेलं लागलं. नखानं सोडवून पाहिलं तर जिजीच्या सुनेचा पासपोर्ट फोटो.

सूनही बारावी होती. मी अर्ज केला असता तर तिला ती जागा मिळाली नसती, हे जिजीला माझ्याआधी कळलं होतं. महिन्याभरात ग्रामपंचायतीच्या भिंतीवर सुनेचं नाव लागलं. जिजीनं पहिला पेढा मला भरवला आणि मी तो गिळला. भांडू कशाच्या जोरावर? तिनं मला जाऊ नको म्हटलं नव्हतं, अर्ज फाडला नव्हता. नाही म्हणाले ती मी, आणि माझ्या शब्दाला चाळीस साक्षीदार होते. शत्रूनं केलं असतं तर शिव्या घालून मोकळी झाले असते. ही तर माझ्या हाताला तेल लावणारी बाई होती, आणि तिनं मला मिरचीसारखं देठापासून खुडलं.

सोनू त्याच अंगणवाडीत गेली. जिजीच्या सुनेनं तिला खिचडी वाढली, गाणी शिकवली, आणि चांगलं शिकवलं, हेही सांगितलं पाहिजे. मी भावाच्याच घरी राहिले. हंगामात पथारी, एरवी लोकांच्या शेतात निंदणी. जिजीचे गुडघे गेले तेव्हा तिनं बोलल्याप्रमाणे पथारी माझ्या हातात दिली. शब्दाला पक्की होती म्हणतात लोक. तिचं पोतं मात्र छपरात घडी घालून तसंच होतं आणि ती दर हंगामात एकदा-दोनदा येऊन त्यावर बसायची. मी चहा द्यायचे. फोटोबद्दल कधी बोलले नाही.

मागच्या होळीच्या आधी ती आली. काठी टेकत बायांच्या मधोमध बसली. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं तिनं विचारलं, "मास्तरीण, मन्हावर राग शे का वं तुले?"

आणि गप्प बसली.

मी ओळखलं. आता मी म्हणायचं, नाही गं जिजी, राग कसला. चाळीस जणी ऐकणार, आणि मग जन्मभर मला तो राग धरता येणार नाही. शब्द जिभेवर आलाच होता माझ्या. मी मिरची उचलली, देठ खुडला, टोपल्यात टाकली. दुसरी उचलली. बायांचे हात थांबले. मी तिच्याकडं पाहत राहिले आणि बोलले नाही. तिनं पदर सावरला, काठी या हातातून त्या हातात घेतली. आयुष्यात पहिल्यांदा जिजीला आधी बोलावं लागलं.

"मन्हा पोऱ्याना संसार मोडत व्हता, वं," ती म्हणाली. "सून माहेर चालनी व्हती. ती अंगणवाडीमा लागनी म्हणीसन थांबनी. माले माहीत व्हतं, चारजणीस्मा बोलनी म्हणजे तू फिरणार नही."

तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मिरचीनं येतं तसलं नव्हतं ते. माझ्याही आलं. क्षणभर वाटलं, जाऊन तिचे हात धरावेत. पण मला सोनूची खोली आठवली, जी आम्ही कधी घेतलीच नाही. मी उठले. तिला हात देऊन उठवलं, तिच्याखालचं पोतं काढून घेतलं, झटकलं, नीट घडी घातली, चिंधी बांधली. मग ते छपरात नेऊन ठेवलं नाही. तिच्या काखेत दिलं.

तिनं पोत्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. तिला समजावून सांगायची गरजच नव्हती. काठी टेकत ती रस्त्याकडं निघाली आणि मी बायांना हात चालवायला सांगितलं.

आजही सकाळी बाया यायच्या आधी मी प्रत्येक टोपल्यात दोन-चार ओंजळी मिरची टाकते. या हंगामात जिजी एकदाही आली नाही. येणार नाही, हे मला माहीत होतं. तिनं शिकवलेलं कधीच चुकलं नव्हतं.